युरोपीय महासंघ आणि शेंगेन: खुल्या सीमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी जर्मनीला शिकायला निघालेले पालक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, पोर्तुगीज पासपोर्टच्या खटपटीत असलेले गोवेकर आणि बातम्या वाचून गोंधळलेले वाचक या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय दोन ओळींत आटोपणारे नाहीत.

युरोपीय महासंघ आणि शेंगेन एकच का?

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. महासंघात आज २७ देश आहेत; शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसातल्या सीमांवरची तपासणी उठवलेल्या देशांच्या गटात, २९. आयर्लंड आणि सायप्रस महासंघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. उलट स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाइन महासंघाबाहेर राहूनही शेंगेनमध्ये आहेत. युरो वापरणाऱ्या देशांची यादी आणखी वेगळी; जानेवारी २०२६ मध्ये बल्गेरिया आल्यावर ती २१ वर गेली.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांचं छोटंसं गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी तिथे एकमेकींना भिडतात. १४ जून १९८५ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी नदीतल्या एका बोटीवर करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात तपासणी नाके उठायला २६ मार्च १९९५ उजाडला. रोमानिया आणि बल्गेरिया २००७ मध्ये महासंघात आले, तरी त्यांच्या रस्त्यांवरची तपासणी थांबली ती थेट १ जानेवारी २०२५ ला. शेवटची दोन वर्षं मुख्यतः ऑस्ट्रियाने त्यांना अडवून धरलं होतं. या क्षेत्रात कुणाला घ्यायचं हे एकमताने ठरतं, त्यामुळे एका देशाचा नकारही पुरतो.

सार्वभौमत्व ‘वाटून घेतलं’ म्हणजे देशांनी नेमकं काय सोडलं?

आयात शुल्क, बाहेरच्या देशांशी व्यापार करार, बाजारातल्या स्पर्धेचे नियम आणि युरो वापरणाऱ्यांचं व्याजदर धोरण हे पूर्णपणे महासंघाकडे गेलं. लष्कर, पोलीस, प्राप्तिकर, शाळा, रुग्णालयं, पेन्शन हे देशांकडेच राहिलं. शेती, पर्यावरण, सीमा आणि निर्वासितांना आश्रय हे विषय मधले, दोघांच्या हातातले. सगळी भांडणं प्रामुख्याने याच मधल्या पट्ट्यात होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक कायदे मंत्र्यांच्या परिषदेत विशेष बहुमताने होतात: २७ पैकी किमान १५ देश, आणि त्यांत महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. सोबत युरोपीय संसदेची मंजुरी लागते. म्हणजे ज्या कायद्याविरुद्ध एखाद्या देशाने मत दिलं, तोच कायदा उद्या त्याला आपल्या घरी राबवावा लागतो. सार्वभौमत्व वाटून घेण्याची खरी किंमत ही आहे. १९५७ च्या रोम करारावर सह्या करणाऱ्या सहा देशांना याची थोडीफार कल्पना होती. तिथल्या मतदारांना ती बऱ्याच उशिरा आली.

मग हे भारतासारखं संघराज्य आहे का?

नाही. महासंघाचं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का असतं. त्याला स्वतःचं लष्कर नाही, नागरिकांकडून प्राप्तिकर घेता येत नाही, आणि महासंघाच्या करारातल्या ५० व्या कलमानुसार कोणताही सदस्य बाहेर पडू शकतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायचं तर जीएसटी परिषदेचं देता येईल. तिथे राज्यांनी कर लावण्याचा आपला अधिकार एका टेबलावर आणून ठेवला आणि निर्णय तीन-चतुर्थांश मताधिक्याने घ्यायचं मान्य केलं. पण त्या परिषदेमागे एक राज्यघटना, एक संसद आणि एक तिजोरी उभी आहे. युरोपात तसा आधार नाही. युरोपीय राज्यघटनेचा मसुदा २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात फेटाळला. त्यातला बराचसा भाग २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारात आला खरा, पण ‘राज्यघटना’ हे नाव गळालं ते गळालंच.

२०१५ मध्ये निर्वासितांवरून एवढा गोंधळ का उडाला?

त्या वर्षी दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे युरोपात आली. त्यांतली बहुसंख्य तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून रबरी बोटींत बसून लेस्बॉस, कोस यांसारख्या ग्रीक बेटांवर उतरली. सीरियातलं युद्ध हे सर्वांत मोठं कारण. पन्नास कोटींच्या महासंघाला दहा लाख माणसं जड जायला नको होती. ती जड गेली ती नियमामुळे.

त्या नियमाला डब्लिन नियम म्हणतात. आश्रय मागणाऱ्याने ज्या देशातून पहिल्यांदा हद्दीत पाऊल टाकलं, त्या देशानेच सर्वसाधारणपणे त्याचा अर्ज तपासायचा. कागदावर हे सरळ दिसतं. नकाशा उघडला की कळतं, बोटी लक्झेंबर्गला लागत नाहीत. त्या ग्रीस, इटली, माल्टा आणि स्पेनलाच लागतात. आतल्या सीमा सर्वांसाठी उघडल्या, पण बाहेरची सीमा सांभाळण्याचं ओझं ज्याच्या वाट्याला किनारा आला त्याच्याच डोक्यावर ठेवलं.

याचा पुढचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. आलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे युरोडॅक या सामायिक नोंदणीत टाकले, की तो पुढे जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये सापडला तरी आपल्याकडे परत पाठवला जाणार, हे किनाऱ्यावरच्या देशांना माहीत होतं. मग ठसे घ्यायची घाई कोण करेल? लोकांना पुढे जाऊ देणं सोयीचं ठरत गेलं. ग्रीसमधली छावण्यांची अवस्था तर आधीपासूनच इतकी वाईट होती, की २०११ मध्येच स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने एका अफगाण माणसाला ग्रीसला परत पाठवल्याबद्दल बेल्जियमला दोषी धरलं. म्हणजे गाजावाजा २०१५ मध्ये झाला, पण व्यवस्था त्याआधी किमान चार वर्षं मोडलेलीच होती आणि सर्वांना ते ठाऊक होतं. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

मग निर्वासित वाटून घेण्याचा निर्णय झाला होता ना?

झाला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये इटली आणि ग्रीसमधून १,६०,००० जणांना इतर देशांत हलवायचं ठरलं. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रोमानिया यांनी मुख्य प्रस्तावाविरुद्ध मत दिलं, पण बहुमताने तो मंजूर झाला. प्रत्यक्षात सुमारे ३५,००० जणच हलवले गेले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया महासंघाच्या न्यायालयात हरले, तरी हंगेरीने एकही माणूस घेतला नाही आणि स्लोव्हाकियाने अगदी मोजकीच घेतली. एप्रिल २०२० मध्ये न्यायालयाने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनी कर्तव्य पाळलं नाही असा निकाल दिला, तोवर ती योजना संपूनही गेली होती.

महासंघाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. बहुमताने हरलेला देश निकाल मानतो तोवरच निकालाला अर्थ. २०१५ मध्ये काही देशांनी उघडपणे ‘नाही मानत’ म्हटलं.

नव्या स्थलांतर कराराने हे सुटेल का?

मे २०२४ मध्ये मंजूर झालेला हा करार लागू होण्याची तारीख १२ जून २०२६ ठरवण्यात आली. त्यात प्रत्येक देशापुढे पर्याय आहेत: काही माणसं स्वतःकडे घ्या, न घेतलेल्या प्रत्येक माणसामागे २०,००० युरो द्या, किंवा मनुष्यबळ आणि साहित्याची मदत करा. ओझं वाटून घ्यायला हवं ही गोष्ट पहिल्यांदा कायद्यात नीट बसली, हे मोठं पाऊल आहे. पण पहिल्या प्रवेशाचा नियम मुळात तसाच आहे, आणि पोलंड व हंगेरी यांनी विरोधात मत देऊन आपली भूमिका आधीच सांगून टाकली आहे. माझं मत विचाराल तर सुटका अर्धीच.

खुल्या सीमांमुळे दहशतवाद्यांना मोकळं रान मिळतं, हे खरं आहे का?

१३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांचा कट मुख्यतः ब्रसेल्समध्ये शिजला आणि हल्लेखोर गाड्या घेऊन बेधडक फ्रान्समध्ये आले. तेव्हा शंका रास्त आहे. पण त्याच रात्रीनंतरची घटना पाहा. हल्लेखोरांपैकी जिवंत राहिलेला एक जण बेल्जियमकडे पळत असताना फ्रेंच पोलिसांनी त्याची गाडी थांबवली, कागद पाहिले आणि सोडून दिली. दहशतवादाशी जोडणारी नोंद त्याच्या नावापुढे त्यांना दिसली नाही. म्हणजे तपासणी झाली होती. कमी पडली ती माहिती. तो पुढे चार महिन्यांनी ब्रसेल्समध्येच पकडला गेला.

शेंगेनची सामायिक माहिती यंत्रणा आणि २००४ पासून अमलात आलेलं युरोपीय अटक वॉरंट ही खुल्या सीमांची खरी जोड आहे. पण माहिती द्यायची की नाही हे अखेर प्रत्येक देशाची गुप्तचर संस्था ठरवते, आणि त्या संस्था सहजासहजी तोंड उघडत नाहीत.

जर्मनीच्या सीमेवर पुन्हा पोलीस दिसतात. शेंगेन संपलं का?

संपलं नाही, पण झिजतंय. जर्मनीने सप्टेंबर २०१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून सर्वच जमिनीवरच्या सीमांवर. फ्रान्सची तपासणी नोव्हेंबर २०१५ पासून मुदतवाढ घेत चालूच आहे. कायदा म्हणतो, अशी तपासणी तात्पुरती हवी. २०२२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या प्रकरणात सांगितलं, की नवा धोका दाखवल्याशिवाय सहा महिन्यांपुढे मुदत वाढवता येत नाही. मग देश दर सहा महिन्यांनी नवा धोका दाखवू लागले, आणि २०२४ मध्ये नियमच बदलून कमाल मर्यादा काही वर्षांवर नेण्यात आली.

याचा फटका कुणाला बसतो? लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात. जवळजवळ निम्मे कामगार असे. त्यांच्या महामार्गावर एक मार्गिका बंद करून पोलीस उभे केले, की रांग लागते. बेकायदा माणूस शेतातल्या वाटेनेही जाऊ शकतो; रांगेत अडकते ती पाळीवर निघालेली नर्स.

करोनाच्या काळात काय झालं होतं?

मार्च २०२० मध्ये सीमा काही दिवसांत धडाधड बंद झाल्या, बऱ्याचदा शेजाऱ्याला न विचारता. जर्मनीतलं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइत्सलिंगेन ही एकमेकांना चिकटलेली शहरं. त्यांच्यामध्ये कुंपण घातलं गेलं. माणसं दोन्ही बाजूंनी येऊन जाळीतून हात धरू लागली, म्हणून काही अंतरावर दुसरं कुंपण उभारलं.

बारले या गावाची कथा तर विलक्षणच. ते नेदरलँड्समध्ये आहे, पण त्यात बेल्जियमचे तुकडे विखुरलेले आहेत. सीमा फुटपाथवरून, घरांतून, दुकानांतून जाते आणि पांढऱ्या फुल्यांनी दाखवलेली असते. घराचं पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं, असा तिथला रिवाज. बेल्जियमने दुकानं बंद केली, नेदरलँड्सने नाही. तेव्हा तिथल्या एका कपड्यांच्या दुकानात बेल्जियमकडचा भाग फीत लावून बंद केला आणि उरलेल्या भागात विक्री चालू राहिली. आरोग्याचं धोरण देशांकडेच ठेवलं, की खुल्या सीमेवर काय होतं, हे त्या फितीइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नसेल.

चलन एक आणि खजिने वेगवेगळे, याने काय बिघडतं?

ग्रीसमध्ये जे बिघडलं ते. युरोसाठी वार्षिक तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत ठेवण्याचा नियम होता. २००९ च्या अखेरीस ग्रीसच्या नव्या सरकारने सांगितलं, की आधी दाखवलेले तुटीचे आकडे खोटे होते. स्वतःचं चलन असतं तर ग्रीसला त्याची किंमत उतरवून निर्यात वाढवता आली असती. युरोमध्ये ती सोय नाही. आणि श्रीमंत भागातून गरीब भागाकडे आपोआप पैसा वळवणारा सामायिक खजिनाही नाही. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोचं पहिलं कर्ज मिळालं, त्यासोबत पेन्शन आणि पगारांना कात्री लागली.

जून २०१५ च्या शेवटी ग्रीक बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येऊ लागले. पेन्शनर वृद्ध पहाटेपासून बँकांच्या दारात उभे. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटींना ‘नाही’ म्हटलं, आणि आठवडाभरातच सरकारला तितक्याच कडक अटी मान्य कराव्या लागल्या. ग्रीक मतदार म्हणाला, माझ्या मताला किंमत काय? जर्मन मतदार म्हणाला, पैसा माझा, मग माझ्या मताला किंमत नको का? दोघांचंही खरं होतं. दोन लोकशाह्या एकाच चलनात एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या आणि निवाडा करायला त्यांच्या वरची तिसरी लोकशाही नव्हती.

२०२० मध्ये करोनानंतर ७५० अब्ज युरोचा मदतनिधी उभारताना सर्व देशांनी प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र कर्ज काढलं. ते एकदाच, असं तेव्हा बजावून सांगितलं गेलं.

एकटा देश सगळ्यांना अडवू शकतो का?

परराष्ट्र धोरण, कर, नवे सदस्य आणि करारातले बदल यांत, हो. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या होत्या आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा विरोध होता. शेवटी ते मतदानाच्या वेळी खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. त्याच बैठकीत युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंना मात्र त्यांनी अडवलं. ते १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाले.

नकाराधिकार काढून टाका असं म्हणणं सोपं आहे. पण तो काढण्यासाठीही एकमत लागतं, आणि लहान देशांना वाटणारी भीती खोटी नाही: उद्या मोठ्यांनी मिळून आपल्याला गुंडाळलं तर?

देशाचा कायदा मोठा की महासंघाचा?

महासंघाच्या न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितलं, महासंघाचा. खटला होता कोस्टा विरुद्ध एनेल: मिलानमधल्या एका वकिलाने विजेच्या राष्ट्रीयीकरणाच्या निषेधार्थ क्षुल्लक रकमेचं बिल भरलं नाही, त्यातून हा पायाभूत निकाल निघाला. देशांच्या घटनात्मक न्यायालयांनी तो कधी पूर्णपणे गिळला नाही. मे २०२० मध्ये जर्मनीच्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायालयाने आपापल्या परीने आव्हान दिलं. पोलंडचं प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण तिथे न्यायाधीशच सत्तेच्या मुठीत घेण्याचा प्रयत्न चालला होता. अशा वेळी कलम ७ नुसार सदस्याचा मताधिकार काढता येतो, पण त्यासाठी बाकी सर्वांचं एकमत लागतं. पोलंड आणि हंगेरी एकमेकांना पाठीशी घालत राहिले. परिणाम झाला तो पैसे रोखल्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीला महासंघाकडून मिळायचे ६.३ अब्ज युरो अडवले गेले.

कामासाठी कुठेही जाण्याची मुभा सगळ्यांच्याच फायद्याची आहे ना?

माणसाच्या फायद्याची नक्कीच. गावाच्या फायद्याची असेलच असं नाही. बल्गेरियाची लोकसंख्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ९० लाखांच्या आसपास होती. २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली. घटता जन्मदर आहेच, पण तरुण, डॉक्टर, नर्सेस पश्चिमेकडे गेले हेही आहे. ज्या देशाने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, त्याच्या वाट्याला म्हातारी गावं आली. महासंघाचा कारभार जिथून चालतो त्या ब्रसेल्समध्ये या विषयावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

ब्रेक्झिटने काय सिद्ध झालं?

२३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच लगेच आपला कामगार बाजार उघडला होता. जर्मनीने २०११ पर्यंत थांबणं पसंत केलं. ब्रिटनमधल्या नाराजीचं एक मूळ तिथे आहे.

बाहेर पडणं शक्य आहे हे सिद्ध झालं, आणि सोपं नाही हेही. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडमधली सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर जवळजवळ अदृश्य झाली होती. तिथे नाके पुन्हा आणणं म्हणजे जुनी जखम उघडणं. म्हणून तपासणी समुद्रात, ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये ढकलावी लागली, आणि त्याची तडजोड २०२३ पर्यंत चालू होती.

गोव्यातल्या लोकांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, त्याचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. महासंघाचं नागरिकत्व १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करारातून आलं, पण नागरिक कोण हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानत आला आहे आणि त्यांच्या वंशजांनाही ती वाट मिळाली. लिस्बनमध्ये जन्मनोंदणी झाली की पासपोर्ट, आणि तो हातात आला की सगळ्या महासंघात राहण्याचा, काम करण्याचा हक्क. हजारो गोवेकर पोर्तुगालमध्ये न थांबता इंग्लंडमधल्या स्विंडन, साउथॉलसारख्या ठिकाणी गेले ते याच बळावर. ब्रेक्झिटने तो रस्ता बंद केला. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून हक्क टिकवावा लागला. आणि हेही ध्यानात ठेवा: परकी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं.

गोवेकरांचा हक्क इतिहासातून आलेला आहे. पैसे घेऊन पासपोर्ट देण्याची माल्टाची योजना वेगळी, आणि ती महासंघाच्या न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ ला बेकायदा ठरवली.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असेल तर सगळीकडे फिरता येतं का?

हो, २९ ही देशांत. मात्र कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना एक सवलत आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियम पाळून वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. अर्थात पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी.

आतल्या प्रवासातही मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही; म्युनिककडे जाणाऱ्या रेल्वेत पोलीस चढून कागद मागतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकावर प्रवेश आणि निर्गमनाची नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे, त्यामुळे ९० दिवसांवर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो आपोआप दिसतो. विद्यार्थ्यांनी या व्हिसावर जाऊ नये. त्यांना त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे आजही तो देश एकटाच ठरवतो.